वाचतील सगळे, बदलेल एकच

अबू धाबीत नोकरी लागली तेव्हा माझा हुद्दा सासूबाईंना समजावताना माझी पुरेवाट झाली. एंटरप्राइज आर्किटेक्ट. पुण्याहून त्या फोनवर विचारायच्या, "म्हणजे तू आता इमारती बांधतेस का गं?"

"इमारती नाही हो आई, सरकारचा नकाशा काढते."

काम खरोखरच तेवढं होतं. कोणतं खातं काय करतं, त्यासाठी कोणती माहिती ठेवतं, ती कोणत्या सिस्टिममध्ये असते, कुणाला कुणाकडून काय लागतं, हे सगळं चौकोन आणि बाण काढून एका चित्रात आणायचं. मग एकच माहिती चार खाती वेगवेगळी साठवत असतील तर ते दिसतं, आणि लोकांचे हेलपाटे का होतात तेही दिसतं. मला त्याचा अनुभव होताच. एका खात्यात माझं आडनाव आधी होतं, दुसऱ्यात मधलं नाव गायब, तिसऱ्यात नवऱ्याचं नाव माझ्या नावाला चिकटलेलं. तिन्ही ठिकाणची बाई मीच, हे प्रत्येक वेळी सिद्ध करावं लागायचं.

आमच्या या प्रकल्पाच्या प्रमुख एक एमिराती बाई होत्या. वयानं माझ्याहून लहान, पीएचडी झालेल्या, म्हणून सगळं ऑफिस त्यांना दक्तोरा, म्हणजे डॉक्टरबाई, म्हणे. मला वाटायचं, इथे काय, वरून आदेश आला की झालं. आदेश आलाही. सगळी खाती मीटिंगला आली, सगळ्यांनी सुंदर प्रेझेंटेशन्स दाखवली. पण प्रत्येकाच्या चित्रात मधोमध त्याचंच खातं होतं आणि बाकीचं सरकार कडेला.

तरी हळूहळू बहुतेक जण जुळत गेले. अडलं ते एकाच ठिकाणी. जन्म, मृत्यू, कुटुंब यांची नोंद ज्या खात्याकडे होती, तिथले प्रमुख नोंदणी कुणाच्याही सिस्टिमशी जोडायला तयार नव्हते. निवृत्तीला आलेले, उंच, कमी बोलणारे गृहस्थ. दोन मीटिंगांमध्ये त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "आमची माहिती आमच्या इमारतीबाहेर जाणार नाही." आणि ती माहिती तर आमच्या अख्ख्या नकाशाचा पाया होती.

मी दक्तोरांना म्हटलं, "वरून एक पत्र आणू या ना."

"पत्र आणलं तर ते सही करतील," त्या म्हणाल्या, "पण मनाविरुद्ध. मग दर वर्षी आपल्याला नवं पत्र लागेल. यल्ला, चला, आपणच जाऊ त्यांच्याकडे."

आम्ही गेलो. त्यांच्या केबिनला लागूनच बैठकीची खोली होती, भिंतीला लागून गाद्यांची आसनं. खजूर आले, वेलदोड्याच्या वासाची कॉफी आली. मी कुठची हे कळल्यावर ते एकदम हिंदीत म्हणाले, "पूना? मेरे वालिद बंबई जाते थे, लाँच में." मी बघतच राहिले. मग मुंबईचा कपडा, तिथली चहाची दुकानं, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन. कामाचा एक शब्दही नाही. माझी चुळबुळ चालली होती, दक्तोरा मात्र शांत बसून ऐकत होत्या. परतताना मी गाडीत विचारलं, "काम झालं का?"

"सुरू झालं," त्या म्हणाल्या.

असे आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. एका भेटीत त्यांनी आपणहून विषय काढला. तरुणपणी ते सरकारी जीप घेऊन वाळवंटातल्या वस्त्यांवर नावं लिहायला जायचे. लोकांना जन्मतारीख ठाऊक नसे. मग म्हाताऱ्या बायकांना विचारायचं, हा कुणाच्या आधी जन्मला, कुणाच्या नंतर. घराघरांत बसून, पटेपर्यंत विचारून एकेक कुटुंब लिहिलं. ते दक्तोरांकडे वळून अरबीत बोलू लागले, आणि मला कळावं म्हणून मधूनच हिंदीत सांगू लागले. "तुमच्या चित्रात माझ्या चौकोनाला सगळीकडून बाण येतात. म्हणजे उद्या कुणीही, कुठल्याही ऑफिसात बसून, माणसाच्या बापाचं नाव बदलणार?"

दक्तोरा जागेवरून उठल्या. माझ्या हातातला टॅब्लेट त्यांनी मागून घेतला, प्रमुखांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि चित्र उघडलं.

"तुम्ही बरोबर आहात," त्या म्हणाल्या. "आमचं चित्र चुकलंय."

आत येणारे सगळे बाण त्यांनी बोटानं एकेक करून पुसले, फक्त बाहेर जाणारे ठेवले. "विचारतील सगळे. लिहायचं आणि बदलायचं फक्त तुमच्या खात्यानं. दुसऱ्या कुणाला चूक दिसली तर तो तुम्हाला कळवेल, स्वतः हात लावणार नाही."

प्रमुखांनी चित्र जवळ घेऊन पाहिलं, मग हसून कॉफी मागवली. महिनोन्‌महिने अडलेली गोष्ट त्या खोलीत सुटली होती. एक अख्खं सरकार स्वतःशी एकमत कसं होतं, हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते.

पुढे हाच नियम सगळ्यांना लागू झाला. प्रत्येक माहितीला एकच मालक. सगळ्या खात्यांची मिळून एक समिती बसली. कुणाला नवी सिस्टिम विकत घ्यायची असेल, तर त्यानं आधी नकाशावर तिची जागा दाखवायची. जागा नसेल तर खरेदी नाही. भांडणं झाली, पण नियम टिकला.

पहिली जोडणी एका हॉस्पिटलशी झाली. सकाळी आम्ही सगळे नोंदणी खात्याच्या मोठ्या पडद्यासमोर उभे होतो. हॉस्पिटलकडून कळलं, मुलगी झाली. आईच्या नोंदीशी ती जोडली जावी म्हणून विनंती आली. इथल्या कर्मचारी बाईंनी तपासलं, मान्य केलं. आणि पडद्यावर एकापाठोपाठ एक चौकोन हिरवे होत गेले, आरोग्य, विमा, बाकीचे. त्या मुलीचा बाप कुठल्याच रांगेत उभा नव्हता. तो बायकोजवळ असेल.

"किसने लिखा?" प्रमुखांनी मला विचारलं.

"आपके डिपार्टमेंट ने."

"माशाल्ला," ते पुटपुटले आणि चष्मा काढून हातात धरून उभे राहिले. मी त्या हिरव्या चौकोनांकडे बघत होते. माझ्या रेघांमधून एक जिवंत मूल या देशाला माहीत झालं होतं, आणि ते तिकडे बहुधा झोपलं होतं.

त्या संध्याकाळी अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या घरी मी जेवताना हे सगळं सांगितलं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या फॅक्टरीतून नवरा दमून आला होता, तरी घास हातात धरून ऐकत राहिला. लेकीनं भाजी बाजूला सारत विचारलं, "बट आई, वॉजन्ट इट ऑलवेज लाइक दॅट?"

मी तिला जीपची गोष्ट सांगायला लागले. वस्त्या, म्हाताऱ्या बायका, कोण कुणाच्या आधी जन्मलं ते. ती खायची थांबली. "अँड दे जस्ट रिमेंबर्ड?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "सगळी माणसं त्यांच्या लक्षात होती."