आत्याचे वाईनवाले व्याही

आमच्या आत्याइतक्या गांभीर्यानं वाईन घेणारं माणूस बिबवेवाडीतच काय, अख्ख्या पुण्यात सापडणार नाही, आणि तिच्याइतकं कमी घेणारं तर जगात नसेल. अर्धा ग्लास ओतायची, उजेडाकडे धरून रंग बघायची, ग्लास गोल फिरवायची आणि डोळे मिटून इतका वेळ हुंगत बसायची की शेजारच्याला वाटावं, हिला झोप लागली. मग एक घोट. तो तोंडात घोळवून झाला की न्यायाधीशाच्या आवाजात निकाल यायचा, "पांढरी आहे, पण बावळट नाही. आधी लिंबाचं पान, मग पावसात भिजलेला दगड, आणि जाता जाता कडू बदाम." आणखी एखादा घोट, की तिचं संपलं. उरलेली माझ्याकडे सरकवायची. "तू पी. तुला काय, कोकम सरबत दिलं तरी फरक कळायचा नाही."

हे वेड तिला साठीनंतर लागलं, आणि लावलं तिच्या व्याह्यांनी. माझा आतेभाऊ नोकरीसाठी इटलीला गेला आणि तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. मुलीचे वडील निवृत्त पोस्टमन, बायको गेलेली, एका लहानशा गावात राहणारे. आत्याचे यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली होती. व्याह्यांना इटालियनखेरीज काही येत नव्हतं आणि आत्याला मराठीखेरीज काही बोलायचं नव्हतं. पहिल्या व्हिडिओ कॉलवर दोघं गाल दुखेपर्यंत नुसते हसत राहिले. शेवटी व्याह्यांनी आपला ग्लास कॅमेऱ्यासमोर उंच धरला आणि काहीतरी म्हणाले. आत्यानं घाईघाईनं चहाचा कप उचलला. पण ते तिला लागलं. "माणूस मनापासून काही दाखवतोय आणि आपण चहाचा कप पुढे करायचा? बरं दिसतं का ते?"

दुसऱ्या दिवशी ती सुती साडी नेसून, भाजीची पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या वाईन शॉपमध्ये गेली. आपल्याकडे वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं मिळतं. रांगेतल्या पुरुषांनी बाजूला होऊन वाट दिली, कुणीतरी तर आदरानं खिशातली बाटली लपवली. "इटालियन पद्धतीची लाल आहे का? नाशिककडची चालेल. आणि पुढची नको, तिला ऊन लागलंय. मागची द्या." त्यानंतर नाक तयार करायला ती मंडईत जाऊ लागली. अंजीर, आलुबुखार, करवंदं, जे दिसेल ते उचलून हुंगायची. एक भाजीवाली वैतागून म्हणाली, "आज्जी, घ्यायचंय का नुसतं हुंगायचंय?" आत्या शांतपणे म्हणाली, "हुंगल्यानं वजन कमी होतं का हो?" सोसायटीचे सेक्रेटरी कचऱ्यातल्या बाटल्यांबद्दल बोलायला आले. "नाही म्हणजे, आपल्याबद्दल सोसायटीत चर्चा चालू आहे." "चर्चा आहे ना? मग मिनिट्समध्ये घ्या," असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.

दर रविवारी, आपल्याकडे संध्याकाळ आणि तिकडे दुपारचं जेवण, अशा वेळी फोन यायचा. ते आपली बाटली दाखवायचे, ही आपली. मग एकेक शब्द. ते म्हणायचे, "चिलिएजा." म्हणजे चेरी, हे सुनेनं सांगितलं होतं. आत्या म्हणायची, "छे, करवंद," आणि करवंदच उचलून कॅमेऱ्यासमोर धरायची. ते चष्मा लावून ते निरखायचे. लाल वाईननं जीभ आवळली की तिनं शिकवलेला 'तुरट' हा शब्द ते "तुरात, तुरात" असा ओरडायचे आणि आत्या लहान मुलीसारखी खुदकन हसायची. सुरुवातीला सून आणि आतेभाऊ मध्ये बसून भाषांतर करायचे. पुढे पुढे त्यांची गरज उरली नाही. नातेवाइकांनी चिडवलं तर आत्या म्हणायची, "भांडायचं कसं तेच दोघांना माहीत नाही. असा व्याही तुम्हाला मिळालाय का?"

मग आतेभावाचा घटस्फोट झाला. त्यानं फोनवर सांगितलं, "आई, आता तिकडे फोन करू नकोस, प्लीज. सगळ्यांनाच ऑकवर्ड होतं." आत्या एवढंच म्हणाली, "घटस्फोट तुमचा झालाय. आमचा कधी झाला?" पण तिनं मुलाचं ऐकलं. रविवार आला की ती साडी बदलून, फोन समोर ठेवून बसायची. तो वाजायचा नाही. बाटली काढायची नाही. मी म्हटलं, "आपण मेसेज लिहू, मोबाइल भाषांतर करून देतो." ती म्हणाली, "त्यांना वाटत असतं तर त्यांनी केला नसता का?"

असं जवळजवळ वर्ष गेलं. एका रविवारी मी गेलो असताना तिनं अचानक फोन माझ्या हातात दिला. "लाव रे. काय होईल, फार तर उचलणार नाहीत."

व्याह्यांचा फोन सुनेनं उचलला. आत्याला बघून तिनं आधी दोन्ही हात जोडले. मग तिनं तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि मी ते आत्याला मराठीत सांगितलं. वडील हिवाळ्यात गेले. तिनं आतेभावाला कळवलं होतं. रविवारी जेवणानंतर ते फोनजवळ खुर्ची ओढून बसायचे. तिनंच त्यांना सांगितलं होतं की आता पुण्याला फोन करणं बरं नाही, त्या माउलींना आवडणार नाही.

आत्यानं डोळ्यांना पदर लावला नाही. स्क्रीनकडे बघत म्हणाली, "तिला विचार, ती नीट जेवते ना." मी विचारलं. तिकडे ती रडायला लागली. मी फोन धरून उभा राहिलो. फोन बंद झाल्यावर मी आतेभावावर तोंडसुख घेऊ लागलो, तर तिनं मला थांबवलं. "त्यानं लपवलं ते मला वाईट वाटू नये म्हणून. मुलं फार विचार करतात आपला," ती म्हणाली. तिचं टोमणे मारणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. हा टोमणा होता की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

यंदा दिवाळीत मी तिच्यासाठी मुद्दाम एक चांगली इटालियन लाल शोधून आणली. तिनं नाही म्हटलं नाही. गॅलरीत बसलो, मी ओतली. तिनं ग्लास फिरवला नाही, उजेडाकडेही धरला नाही. एक घोट घेतला.

"छान आहे," ती म्हणाली.

मी पुढचं ऐकायला थांबलो. खाली कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, तिचा आवाज संपला, धूर वर आला. आत्या ग्लास हातात धरून बसून होती.

"आत चल," ती म्हणाली. "गार वाटतंय आता."