साडभाऊ आणि जोराचं बटण

आमच्या साडभाऊंइतका हळू बोलणारा माणूस सबंध वर्धा जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका मोठ्याने ओरडणाराही झाला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान; आम्ही दोघंही एकमेकांना साडभाऊच म्हणतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला पिपरी मेघेतल्या एका दुमजली घरात खाली त्यांचा संसार, वर त्यांच्या कंपनीचं ऑफिस आणि गच्चीवर उपग्रहाकडे तोंड करून बसलेली भलीमोठी तबकडी, असा थाट होता. मुंबईच्या हेड ऑफिसशी होणारी सगळी बोलणी त्या तबकडीतून वर जात. जोराचा पाऊस लागला की संदेश वाटेतच क्षीण होतो, म्हणून साडभाऊंनी बटण फिरवून जोर वाढवायचा. पाऊस उघडला की लगेच उतरवायचा, नाहीतर त्याच उपग्रहावरून बोलणाऱ्या इतरांना त्रास. ही नोकरी त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की "लागते तेवढाच जोर लावा" हे त्यांचं ब्रीदच झालं. अल्लीपूरच्या एका लग्नात वारा पडला तसे ते उठले आणि बँडवाल्याला म्हणाले, "आता काऊन एवढा फुकून राह्यला बे? हवा नाई, कमी कर!" एसटीत तर त्यांचा आवाज इंजिनाबरोबर चढे-उतरे. एकदा ते मला नात्यातलं एक भांडण ओरडून ओरडून सांगत होते. जामच्या स्टँडवर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, साडभाऊ त्याच क्षणी कुजबुजीवर आले आणि मी मात्र सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडलो, "मग सासूनं काय केलं?" पुढच्या बाकावरच्या बाया माना वळवून उत्तराची वाट पाहत बसल्या.

एका उन्हाळ्यात कंपनीने आपोआप जोर कमी-जास्त करणारं यंत्र पाठवलं. उपग्रहाकडून येणारी एक खूण ते सतत ऐकत राही आणि ती मंदावली की पाऊस आला असं समजून स्वतःच जोर वाढवी. महिनाभर ते नीट चाललं की साडभाऊंची बदली थेट गुवाहाटीला, आणि ताई मुलांच्या शाळेपायी इथेच राहणार, असं ठरलं होतं. साडभाऊ त्या यंत्राकडे सवतीकडे पाहावं तसे पाहत. घरात कोणी त्याचं नाव काढत नसे.

मी आमरसाच्या जेवणाला गेलो होतो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बाहेर कावळे चोची उघडून बसलेले, आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि यंत्राचा काटा भराभर चढत पार टोकाला गेला. साडभाऊ अक्षरशः नाचले. "पाहा साडभाऊ, पाहा! भर उन्हात याले पाऊस दिसून राह्यला! पागल झाला हा! आता हा वापस जाते अन् मी इथंच राह्यतो!" लगेच मुंबईला फोन झाला. तिकडचे साहेब म्हणाले, "परत पाठवा यंत्र. पण एकदा तबकडी बघून या, मग मला सांगा."

आम्ही गच्चीवर गेलो. पावसाळ्याआधी गोधड्या धुवायच्या म्हणून ताईने सकाळपासून धुणं काढलं होतं. दोऱ्या भरल्या, तेव्हा सगळ्यांत मोठी गोधडी तिने सरळ तबकडीवर पसरली होती. पाणी नुसतं निथळत होतं, आणि यंत्राला तोच पाऊस वाटला होता.

"काढून टाकू," मी म्हणालो. "मुंबईले का समजते?"

साडभाऊंनी गोधडीचं एक टोक उचललं आणि पुन्हा होतं तसं सोडून दिलं. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं, आणि त्यांनी माझं ऐकावं असं मला मनापासून वाटत होतं. मग ते खाली गेले आणि फोन उचलला. "साहेब, मशीन बरोबर हाय. गोधडी आमच्या घरची हाय."

"काऊन जी," ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "मंग का डोक्यावर वाळवू मी गोधड्या?" आम्ही दोघेही पोट धरून हसलो.

गुवाहाटीला जायच्या दिवशी साडभाऊंनी यंत्र फडक्याने पुसलं. "पोट्टं हुशार हाय, साडभाऊ," ते म्हणाले. "मीच उगा जळून राह्यलो होतो."

त्या पावसाळ्यात मी एकदा ताईकडे गेलो. बाहेर धो धो कोसळत होतं आणि वर यंत्र आपलं काम मुकाट्याने करत होतं, कुठे काही चुकत नव्हतं. ताईने चहा पुढे ठेवला, छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "एखाद्या दिवशी बिघडत बी नाई मेलं." मलाही अगदी तेच वाटत होतं.