पाहुणा धोबी

आमच्या घरी गव्हाच्या पेरणीची तिफण पंचांग बघून निघत नसे. पैनगंगेच्या वाळूत धोबी उतरला की निघे. धोबी म्हणजे तो शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु चालणारा पक्षी. त्यातही एक घरचा, बारमाही नदीवरच राहणारा, काळ्याकुट्ट पाठीचा आणि पांढऱ्या भुवईचा. दुसरा पाहुणा, थंडीच्या पुढे-पुढे येणारा, पाठीने राखाडी आणि तोंडाने पांढरा. हा पाहुणा दिसला म्हणजे थंडी मुक्कामाला आली, असा बाबांचा हिशेब. त्याआधी उन्हात टाकलेला गहू उगवतो, पण फुटवा धरत नाही. फार थांबलं तर जमिनीतली ओल उडते. नदीकाठच्या त्या एका तुकड्यावर आमच्या घरची वर्षाची पोळी होती, आणि विहिरीचं पाणी तिथवर पोचत नव्हतं.

त्या साली, म्हणजे महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा, कोजागिरीच्या आधी बाबा कडब्याच्या गंजीवरून पडले. पायाला बांबूच्या कामट्या बांधून ते अंगणात खाटेवर, आणि मी अकोल्याच्या कॉलेजातून सुट्टीला आलेला. नदीवर जाऊन पाहुणा बघायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मेहकरात मित्र वाट पाहत होते, दिवाळीचे बेत ठरले होते, आणि मी रोज सकाळी वाळूत उकिडवा बसून पाखरांची तोंडं बघत होतो. एका जागी बसणं हा माझा गुण कधीच नव्हता. वर्गातसुद्धा मी खिडकीजवळचीच जागा धरायचो.

परत येताना शेतातून वीतभर खोलीवरची मूठभर माती आणायची. बाबा ती मुठीत दाबत. गोळा झाला की ओल आहे. रोज गोळा व्हायचा, पण रोज थोडा लवकर फुटायचा. बाबा नुसती बोटं झटकत. त्या झटकण्याने मला घरात बसवेना आणि नदीवरही बसवेना.

चौथ्या की पाचव्या दिवशी दगडावर राखाडी पाठीचा धोबी दिसला. शेपटी हलवत होता. राखाडी, धोबी, झालं. तोंड बघायला थांबतो कोण? मी धावत घरी आलो आणि अंगणातूनच वर्दी दिली. बाबांनी विचारलं, नीट पाहिला का? मी म्हटलं, राखाडी म्हणजे अगदी चुलीतली राख. बाबांनी डोळे मिटून मान हलवली. माझ्या माहितीत माझ्या एखाद्या बोलण्यावर त्यांनी इतका विश्वास टाकल्याची ती पहिली वेळ.

बाबांचा शब्द म्हणजे नदीकाठचा शब्द. आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा लागून ज्यांचं शेत होतं ते काका तर बाबांच्या खाटेकडे बघूनच पेरत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची तिफण आमच्याही आधी निघाली. मागून मी आमची बैलजोडी घेऊन नदी ओलांडत होतो. पाहुण्याला रामराम करावा म्हणून दगडाकडे पाहिलं. माझा राखाडी पाहुणा तिथेच होता. तेवढ्यात घरचा काळा धोबी चोचीत किडा घेऊन आला, आणि पाहुण्याने पंख फडफडवत आऽ केला. काळ्याने किडा त्याच्या तोंडात कोंबला.

मी पाण्यातच उभा. हिमालयापलीकडून आलेल्या पाहुण्याला आमच्या गावच्या धोब्याने कशाला भरवावं? तो पाहुणा नव्हताच. त्या काळ्याचं उशिरा झालेलं पोर होतं ते. अंगावर अजून काळा रंग चढला नव्हता, एवढंच.

बैल पाण्यात सोडून मी काकांच्या शेताकडे पळालो. काकू चाड्यावर मूठ धरून दाणे सोडत होत्या, काका बैल हाकत होते. दोन फेरे झाले होते.

"काका, तिफण थांबवा."

"काऊन बे? बैल कुठं हायेत तुहे?"

"तो पाहुणा नाही. घरचाच हाय. बापाच्या चोचीतून खाऊन राह्यला."

काकांनी कासरा ओढला. माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"आपल्याले कॉलेजात शिकलेल्या पोरानं सांगतलं व," ते काकूंना म्हणाले. "आता त्या धोब्याचं बारसंही जेवून जाऊ."

तिफणी परत आल्या. बाबांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, की माती आणली का. मी विसरलो होतो.

त्यानंतर पाणवठ्यावर, पारावर, जो तो मला विचारी, पाहुणा आला का, की अजून पाळण्यातच हाय? मी हसत असे आणि संध्याकाळी मातीची मूठ बाबांच्या हातावर ठेवत असे. गोळा आता दाबला की कडेने भुगा व्हायचा. ऊन हटत नव्हतं. शेवटी मला राहवेना. कुणीतरी म्हणालं, ही पाखरं आधी लोणारच्या तळ्यावर उतरतात. झालं, मेहकरहून पहिली गाडी धरून मी लोणार गाठलं.

काठावरून घसरत खाली उतरलो. खाऱ्या चिखलाचा वास नाकात बसला. चक्रवाकाची केशरी जोडी पाण्यात होती, शेकाट्या लाल पायांनी उथळात चालत होत्या. आणि चिखलाच्या कडेने राखाडी पाठीचे धोबी, एक नाही, थवाच. या खेपेला मी प्रत्येकाचं तोंड पाहिलं. पांढरं. कुणी कुणाला भरवत नाही ना, हेही बराच वेळ पाहिलं. त्यात दुपारची गाडी चुकली.

संध्याकाळी घरी आलो तर खाट अंगणात नव्हती. आई म्हणाली, शेतात बघ. धुऱ्यावर बैलगाडी उभी होती, गाडीत खाट, खाटेवर बाबा, आणि समोर आमचा तुकडा जवळजवळ पेरून झालेला. मी लोणारला निघालो त्याच सकाळी पाहुणा आमच्याच अंगणात, बैलांच्या डोणीवर पाणी प्यायला उतरला होता. बाबांनी खाटेवरून पाहिला आणि काकांना हाक मारली.

"तुह्यासाठी थांबला होता बराच वेळ," काका म्हणाले. "मग म्हणे, जातो आता, ते कॉलेजवाले गेले मले लोणारले पाह्याले."

गहू साधला. काकांच्या शेतातली ती दोन फेऱ्यांची तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, मात्र विरळच राहिली. काकांनी ती मोडली नाहीत. आल्यागेल्याला धुऱ्यावर नेऊन दाखवत, ही याची तासं म्हणून. सोंगणी झाल्यावर त्या तासांचा गहू वेगळा झोडपून काकूंनी एका फडक्यात बांधून आमच्याकडे पाठवला. आईने त्याच दिवशी पोळ्या केल्या. बाबा आता चालू लागले होते. दुसरी पोळी मोडता मोडता त्यांनी विचारलं,

"त्या धोब्याचं पोर जगलं का रे?"

मी हात धुऊन नदीवर गेलो. दगडावर दोन धोबी होते. दोघंही काळेकुट्ट, दोघांच्याही भुवया पांढऱ्या. पोर कोणतं आणि बाप कोणता, किंवा त्यातलं पोर आहे तरी का, अंधार पडेस्तोवर बघून मला कळलं नाही. घरी येऊन सांगितलं, जगलं.

बाबा म्हणाले, "नीट पाह्यलं का?"