गोष्ट शेवटपर्यंत सांगा

प्रा. मंदाकिनीताई देवस्थळी यांचा आणि माझा परिचय एका कुलपामुळे झाला. बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं खोकी आणि लेबलं तयार करून देण्याचं छोटं ऑफिस आहे. एक कारखानदार नव्या कुलपाचं खोकं करून घ्यायला आले. नाव त्यांनी ठरवूनच आणलं होतं, 'अभिमन्यू'. मला ते कुठेतरी खटकत होतं, पण गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. संस्कृतच्या एक प्राध्यापिका नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत, त्यांना विचारा, असं कुणीतरी सुचवलं आणि आम्ही दोघं बिबवेवाडीला त्यांच्या फ्लॅटवर गेलो.

ताईंनी पाणी दिलं आणि कारखानदारांना अभिमन्यूची गोष्ट सांगायला सांगितली. त्यांनी मोठ्या उत्साहानं अभिमन्यूला चक्रव्यूहात नेलं आणि ते थांबले. "पुढे?" ताईंनी विचारलं. पुढचं त्यांना ठाऊक होतंच, कुणाला नसतं?

"म्हणजे आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही," ताई म्हणाल्या. "चोरासाठी ठीक आहे. मालकाचं काय?"

तेव्हापासून असं नाव घेऊन कुणी आलं की मी त्यांना ताईंकडे नेऊ लागलो. पुराणांतल्या नावांना बाजारात नेहमीच मागणी असते. लोक त्यांतलं शौर्य तेवढं उचलतात आणि शेवट मागे ठेवतात. म्हणून ताईंचा नियम एकच, ज्याला नाव हवं त्यानं ती गोष्ट त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतः सांगायची, आणि शेवटपर्यंत सांगायची. टायरच्या एका व्यापाऱ्यांना 'कर्ण' हवा होता. रथाचं चाक शेवटी कुठे रुतलं हे आठवायला त्यांना अर्धा कप चहा लागला.

ताईंची काही मतं ठाम आहेत. ज्याचं वेष्टन फाडून रस्त्यात टाकलं जातं त्यावर देवाचं नाव येता कामा नये, हे त्यातलं एक. फटाक्यांच्या एका विक्रेत्यांनी यावर फार हुज्जत घातली, तेव्हा ताईंनी त्यांना दिवाळीनंतरच्या पहाटे स्वतःच्याच गल्लीतून एक चक्कर मारून यायला सांगितलं. ते पुन्हा आले नाहीत, पण त्यांच्या खोक्यावर पुढे फुलं आली. मानधन मात्र ताई न चुकता घेत. फुकट मिळालेलं नाव कुणी जपत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझी पत्नी आजारी होती तेव्हा ताईंनी महिनाभर आमच्याकडे डबा पोचवला, तोही दोन बस बदलून. मी संकोचानं काही बोलू लागलो की "डब्याचं झाकण घट्ट बसतं, जपून उघडा" एवढंच म्हणून त्या निघत. पुढे त्या स्वतः तापानं आठवडाभर अंथरुणावर होत्या, हे मात्र मला त्या बऱ्या झाल्यावर कळलं. यजमान गेल्यापासून ताई एकट्या राहतात, चिरंजीव परदेशात. कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, कुणाला तसदी द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. आम्हा परिचितांना त्याचं कौतुक होतं, आणि धास्तीही होती.

अशात निखिल वानखेडे आले. मूळ अमरावतीचे, इथे आयटीत नोकरी. आईवडील तिकडे एकटेच, म्हणून त्यांनी गळ्यात घालायचं एक बटण तयार केलं होतं. म्हाताऱ्या माणसानं ते दाबलं की ठरवून दिलेल्या तीन माणसांना फोन जातो. नाव ठेवलं होतं 'श्रावण'. ताईंनी नेहमीप्रमाणे गोष्ट सांगायला लावली. निखिलनी कावड सांगितली, तहानलेले आईवडील सांगितले, श्रावण पाणी आणायला निघाला इथवर आले आणि तिथेच अडले. ते आंधळे आईवडील हाका मारत राहिले आणि मुलगा आला नाही, हे त्या खोलीत कुणालाच मोठ्यानं म्हणावंसं वाटेना.

"मॅडम, बॉक्स तर प्रिंट झाले ना," एवढंच ते शेवटी म्हणाले.

"नाव येणाऱ्याचं नको," ताई म्हणाल्या. "हाक मारणाऱ्याचं ठेवा. गजेंद्र. मगरीनं पाय धरला, त्यानं हाक मारली आणि देव धावत आला. शेवट चांगला आहे."

खोकी पुन्हा छापली. 'गजेंद्र'चं पहिलं बटण निखिलनी ताईंच्याच गळ्यात घातलं. ताईंनी त्याचे पैसे दिले. तीन नंबरांत पहिला माझा, दुसरा शेजारच्या लेल्यांचा, तिसरा निखिलचा.

गेल्या वर्षी एका दुपारी चारच्या ठोक्याला माझा फोन वाजला. मी पोचलो तोवर लेल्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं होतं. ताई स्वयंपाकघरात फरशीवर पडलेल्या होत्या, मांडीचं हाड मोडलेलं. शुद्धीवर होत्या. रुग्णवाहिकेत मी विचारलं, कधी पडलात? जेवणाचं ताट ठेवायला उठले तेव्हा, त्या म्हणाल्या. ताईंचं जेवण साडेबाराला होतं, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालेलं होतं. बटण सगळा वेळ गळ्यातच होतं.

"मग चारला का दाबलंत?"

"अहो करंदीकर, लेले दुपारी झोपतात. तुमचीही वामकुक्षीची वेळ."

मी आयुष्यात ताईंवर एकदाच रागावलो, तो त्या दिवशी. शस्त्रक्रिया झाल्यावर, त्या उशीला टेकून बसू लागल्या तेव्हा मी खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि म्हटलं, "ताई, गजेंद्राची गोष्ट सांगा. शेवटपर्यंत."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, पण नियम त्यांचाच होता. त्या सांगू लागल्या. मगरीनं पाय धरला. गजेंद्रानं हाक मारली नाही. तो बलाढ्य होता, त्याला वाटलं आपलं आपण सुटू. तो ओढत राहिला. कळप सोडून गेला. वर्षानुवर्षं झुंज चालली. अंगातली ताकद पार संपली, तेव्हा कुठे त्यानं सोंडेत कमळ धरून देवाला हाक मारली. इथे ताई थांबल्या.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय? देव तयारच होता," त्या म्हणाल्या. "उशीर ह्यानंच केला." आणि मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला त्यांचा चेहरा दिसला नाही, आणि माझा त्यांना दिसला नाही, हे बरंच झालं.

आज ताई काठी घेऊन का होईना, घरभर हिंडतात. लोकांच्या गोष्टी पूर्वीसारख्याच ऐकतात. पंचाहत्तरीनिमित्त त्यांना उत्तम आरोग्य आणि शंभरी लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. माझी त्यात एक भर आहे. ताई, मी दुपारी झोपणं सोडलं आहे. लेल्यांनीही सोडलं आहे. तेव्हा आपण कधीही बटण दाबा, चार वाजायची वाट पाहू नका.