भडंगाला नावं ठेवणारा माणूस

आमच्या शेजारचे गृहस्थ सांगली जिल्ह्यातल्या पलूसचे. साताऱ्यात येऊन बरीच वर्षं झाली, पण अजून ‘तुमचा जिल्हा’ असंच म्हणतात. मिठाईचा बॉक्स उघडण्याआधी त्यावर बोटांनी टकटक करायची त्यांना सवय आहे.

दर दिवाळीला ते सांगलीच्या भडंगाची पिशवी घेऊन येत आणि आमचे वडील त्यांच्यापुढे कंदी पेढ्यांचा बॉक्स सरकवत.

“चुरमुऱ्याला मिरची फासली की झालं भडंग,” वडील म्हणत.

“आवं आण्णा, तुमचा पेढा तोंडात गेला की मानूस अर्धा तास मुका हुतोय.”

तोवर त्यांचा तिसरा पेढा संपलेला असे आणि वडिलांनी पिशवी स्वतःच्या मांडीशी ओढलेली असे.

यंदा वडील गेले. दुखवट्याच्या घरी शेजारी फराळ देतात, तसे तेही आले, पण हातात कंदी पेढे. टकटक न करता त्यांनी बॉक्स फोटोपुढे ठेवला. “चांगलं हायत. दुकानात एक खाऊन बघितला,” एवढंच म्हणाले.

“भडंग नाही आणलं?” मी विचारलं.

“आणलंय की. गाडीच्या डिकीत हाय. त्याला नावं ठिवणारं कोन न्हाई, तर वर आणून काय करू?”

मी किल्ली मागून घेतली, खाली जाऊन पिशवी आणली आणि एक मूठ तोंडात टाकली.

“नुसती मिरची फासलीय,” मी म्हणालो.

त्यांनी हात लांब करून फोटोपुढचा बॉक्स ओढला आणि त्यावर टकटक केली.