बटाटा, रताळं आणि वन्सं

दोन भाज्या शेजारी शेजारी दिसल्या की वन्संना राहवत नसे. लगेच निवाडा सुरू. दोडका की दुधी, फ्लॉवर की ब्रोकोली, पालक की इथला केल. कुणात लोह जास्त, कुणाचा चोथा चांगला, कुणाचं सत्त्व शिजवताना उडून जातं. हॅमिल्टनच्या ग्रोसरीत मी ट्रॉली घेऊन काउंटरपर्यंत पोहोचलेली असे आणि वन्सं अजून दारातच, दोन हातांत दोन जुड्या धरून उभ्या. घाई केली तर म्हणायच्या, "पोट भरणं वेगळं आणि पोसणं वेगळं. भरायला काय, ब्रेडसुद्धा चालतो."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, अभयची, थोरली बहीण. सांगलीला मुलींच्या शाळेत त्यांनी गृहशास्त्र शिकवलं होतं. पुढे दाजींना इथल्या पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि त्या शाळा सोडून इकडे आल्या. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. मी त्यांना ताई म्हणायला लागले, तर पहिल्याच आठवड्यात चूक दुरुस्त झाली. "ताई मी त्याची. तुझी वन्सं." दोन हजार सोळा-सतराच्या सुमारास आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. खाली आमचं वेगळं किचन होतं, पण नावापुरतंच. जेवण वर, त्यांच्या टेबलावर. ताटात भाजी उरलेली दिसली तर त्या बोलत नसत, नुसत्या ताटाकडे बघत राहत. मी निमूटपणे संपवत असे.

त्यांचा सर्वांत जुना खटला बटाटा विरुद्ध रताळं. दाजींना मधुमेह निघाला तेव्हाच वन्संनी निकाल देऊन टाकला होता. "बटाट्यात सी जीवनसत्त्व आहे, नाही कोण म्हणतं? पण रताळ्यात चोथा जास्त, आणि इथलं रताळं बघ, कसं गाजरासारखं केशरी. सगळं ए जीवनसत्त्व. आपल्याकडच्या पांढऱ्यात ते कुठलं?" बटाटा घरातून हद्दपार झाला. दाजी सातारचे, बटाट्याच्या काचऱ्यांवर वाढलेले. रताळ्याची भाजी समोर आली की ते तिच्याकडे रुसलेल्या मेहुण्यासारखे बघत, आणि खात. बायकोच्या निकालावर अपील करायची त्यांची पद्धत नव्हती.

वन्संच्या स्वयंपाकघरात एक नियम मात्र भाज्यांच्या भांडणाच्याही वर होता. शिजवलेल्या भाजीचं पाणी सिंकमध्ये जाता कामा नये. ते आमटीत जाई, कणीक भिजवण्यात जाई, काहीच नसलं तर त्या स्वतः मीठ-लिंबू घालून पिऊन टाकत. एकदा मी मटार उकडून पाणी ओतलं. त्या धावत आल्या, पण तोवर ते गेलं होतं. "अगं, चोथा ठेवलास आणि जीव ओतलास," म्हणाल्या. दोन दिवस त्या माझ्याशी जरा कमीच बोलल्या.

मग दाजींच्या किडन्या कुरकुरायला लागल्या. डाएटिशियनकडे जायचं ठरलं, तेव्हा वन्सं इस्त्रीचं पातळ नेसून निघाल्या, जणू शाळा तपासायला इन्स्पेक्टर येणार होते. मीही सोबत होते. ती मुलगी गोड होती. तिने समजावलं की किडनी बिघडली की पोटॅशियम रक्तात साचतं, आणि फार साचलं तर हृदय बंद पडू शकतं. वन्संनी ऐकून घेतलं आणि लगेच आपला प्रश्न टाकला. "पोटॅटो ऑर स्वीट पोटॅटो? विच इज बेटर?"

"फॉर हिम? बोथ आर हाय," ती म्हणाली. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. खायचंच झालं तर अगदी थोडं. साल काढून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडायचं, ते पाणी टाकायचं आणि पुन्हा नव्या पाण्यात शिजवायचं.

"पण मग ऑल गुडनेस गोज!" वन्सं म्हणाल्या.

"येस," ती हसून म्हणाली, "दॅट्स द आयडिया."

परत येताना गाडीत वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. आयुष्यभर जे वाचवायला शिकवलं तेच आता ओतून द्यायचं होतं. दाजींना मात्र गंमत वाटत होती. "म्हणजे रताळ्याचा नंबर गेला म्हणायचा. दोघं नापास, मग बटाटाच का नको?" वन्सं हसल्या नाहीत. पण त्या आठवड्यापासून घरात बटाटा परत आला, सोललेला, दोनदा उकडलेला, पांढराफटक. दाजी तोही चवीने खात.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी बेसमेंटमध्ये लॅपटॉपवर काम करत होते, तेव्हा वरून वन्संची हाक आली. अशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. नेहमीच्या रक्ततपासणीचा निकाल आला होता आणि क्लिनिकमधून फोन होता. पोटॅशियम खूप वाढलंय, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीला न्या. दाजी सोफ्यावर शांत बसून मोजे घालत होते. "मला काहीही होत नाहीये गं," ते म्हणाले. त्यांना काहीच होत नव्हतं, याचीच मला जास्त भीती वाटली. ड्राइव्हवेवर गुडघाभर बर्फ. मी वेड्यासारखी फावड्याने उपसत होते आणि वन्संही चपलांमध्येच बाहेर येऊन झाडूने बर्फ लोटत होत्या. त्यांना आत जा म्हणायलाही मला वेळ नव्हता.

हॉस्पिटलमध्ये दाजींना लगेच आत घेतलं. छातीला वायरी लावल्या, हाताला सलाइन. मॉनिटरवरची रेघ वरखाली होत होती आणि वन्सं तिच्यावरून नजर हलवत नव्हत्या. मी अभयला फोन लावत होते, तो लागत नव्हता. तासाभराने तीच डाएटिशियन आली आणि विचारू लागली, या दोन-चार दिवसांत काय काय खाल्लं? वन्संनी सगळं सांगितलं. टोमॅटो नाही. नारळ नाही. बटाटा वाटीभर, दोनदा उकडलेला.

तेवढ्यात दाजी बेडवरून म्हणाले, "आय एट बनाना. मॉलमध्ये. टू बनानाज."

"खोटं बोलू नका," वन्सं मराठीत म्हणाल्या. "तुम्ही महिनाभर मॉलला गेला नाहीत." मग त्या डाएटिशियनकडे वळल्या. त्यांचा आवाज वर्गात उभं केलेल्या मुलीसारखा झाला होता. "वॉटर आय डिड नॉट थ्रो. पोटॅटो वॉटर. आय पुट इन आमटी. इन दाल. एव्हरी टाइम."

आमची आमटी हल्ली दाट आणि गोडसर लागत होती, त्याचं कारण हे होतं. वन्संनी बटाटा सांगितल्याबरहुकूम धुऊन काढला होता आणि त्यातून जे बाहेर काढायचं होतं तेच वाटीत घालून नवऱ्यापुढे ठेवलं होतं. हे सगळं मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. दाजींना तर ते रोज दिसतच होतं.

"मला वाटलं, पाणीच तर आहे," दाजी म्हणाले. त्यांनी सुई टोचलेला हात तसाच उचलून वन्संच्या हातावर ठेवला. संध्याकाळी रेघ सुधारली.

दुसऱ्या दिवसापासून वन्सं बटाट्याचं पाणी सिंकमध्ये ओतू लागल्या. ओतताना मान दुसरीकडे करत. मी ओतते म्हटलं तर, "नको, माझं मलाच करू दे." भाज्यांचे निवाडेही थांबले. ग्रोसरीत त्या सरळ आत जात आणि सरळ बाहेर येत. त्या दारात उभ्या राहून माझा वेळ खात होत्या, तेच बरं होतं, असं मला वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत दाजी डायलिसिसवर गेले. मग हृदयही थकलं. एके दिवशी त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं की आता ते मशीन नको. वन्सं भांडल्या, रडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. दाजींनी पहिल्यांदाच त्यांचा निकाल मानला नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "नो रिस्ट्रिक्शन्स नाऊ. लेट हिम ईट व्हॉटेव्हर ही लाइक्स." पथ्य उठवणं इतकं वाईट असू शकतं, हे मला त्या दिवशी समजलं.

वन्सं आता कॅल्गरीला मुलाकडे असतात. फोन केला की मला सगळ्यात आधी आठवते ती दाजी घरी आल्यावरची संध्याकाळ. दाजी उशांना टेकून बसले होते. ते म्हणाले, "आज काचऱ्या कर. सालासकट, खरपूस." अभय उठून बटाटे घेऊन आला. वन्संनी ते त्याच्या हातातून घेतले, साली काढल्या, बारीक फोडी केल्या आणि मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं.

"ताई, अगं डॉक्टर म्हणाले ना, आता काहीही चालेल," अभय हळूच म्हणाला.

वन्संनी ऐकलं नाही असं दाखवलं. उकळी आली, त्यांनी पाणी ओतलं, आणि पुन्हा नवीन पाणी घालून पातेलं गॅसवर ठेवलं. या वेळी त्यांनी मान वळवली नाही. पाणी पूर्ण जाईपर्यंत बघत राहिल्या. मग पांढऱ्याफटक फोडी हिंग-मोहरीत परतून ताटली दाजींसमोर ठेवली.

"सोमवारी रक्त तपासायचंय," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट बरा आला तर सालासकट देईन."

सोमवारी कुठलीही तपासणी नव्हती. दाजींनी एक फोड तोंडात घातली, सावकाश चावली.

"बरं," ते म्हणाले. "सोमवारी बघू."