बिब्ब्याचा अंगरखा

मी बी. ए. झालो तो पाथरीच्या भगवानतात्यांमुळे, आणि तात्यांच्या अंगावर बिब्बा उतला तो माझ्यामुळे. (तात्या म्हणजे आमच्या अक्काचे सासरे. ही गोष्ट मात्र ते सासरे होण्याआधीची.)

निजामाचं राज्य होतं. आमच्या शाळेच्या जलशात नाटक ठरलं आणि मी झालो वजीर. गुरुजी म्हणाले, "वजीर कोऱ्या कापडात शोभंल का? बुट्टे पायजेत."

घरात कोरं कापड एकच, बापूंचा लग्नकार्यात घालायचा पांढरा अंगरखा. बापूंनी तो काढून दिला.

"धुतल्यावर निघंल न्हवं?"

"निघंल की."

रताळं मधोमध कापून त्यावर चाकूनं कोयरी कोरली. गेरूत बुडवून बाहीवर उठवली. वाळल्यावर बाही झटकली, तर माझी सगळी वजिरी अंगणात सांडली! म्हणून परटाकडे गेलो. त्यानं कपड्यांवर केलेल्या खुणा भट्टीतसुद्धा जात नसत. (बापूंना दिलेला शब्द एव्हाना मी विसरलो होतो.)

"मामा, खुणा कशानं करता?"

"बिब्ब्यानं. पर वरून चुना लाव, न्हाई तर अंगावर उततंय, फोड येत्यात."

बिब्बे तापवून तेल काढलं. पुढून-मागून कोयऱ्या उठवल्या, काळ्या कुळकुळीत. चुन्यानं रंग फिका पडेल, म्हणून चुना लावलाच नाही. (कलावंताला एवढं कळतंच.)

अंगरखा दोरीवर होता तोच पाथरीची बैलगाडी दारात उभी राहिली. अक्काला बघायला पाहुणे परवा यायचे, ते आज आले. तिची दोन स्थळं आधीच मोडलेली. बापूंनी दोरीवरचा अंगरखा ओढून अंगात घातला. मी तोंड उघडलं, तर आई म्हणाली, "गप. पाव्हण्यांम्होरं बोलू न्हाई."

तात्या कोयऱ्यांकडे बघतच राहिले. "कपडा लय उंची दिसायलाय. हैदराबादचा का?"

"न्हाई, घरचाच हाय," बापू म्हणाले.

मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली, आणि रीतीप्रमाणे व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारली. तात्या धिप्पाड, प्रेमळ आणि पातळ मलमलीच्या सदऱ्यातले. ते मिठी लवकर सोडेनात.

तिसऱ्या दिवशी बापूंची पाठ भाकरीसारखी फुगली, आणि तिच्यावर कोयऱ्या अशा उठल्या की कापडावरही तेवढ्या सुबक नव्हत्या. दुपारी पाथरीहून सांगावा घेऊन माणूस आला.

"तात्यांची छाती सुजली. इचारायलेत, तुमच्या घरात अंगाचा रोग हाय का? आसला तर सोयरीक मोडली म्हणा."

अक्का चुलीपुढं रडू लागली. बापूंना लिहिता येत नव्हतं. ते पालथे पडल्या पडल्या मला म्हणाले, "लिही, उष्णता झाली."

मी कागद घेतला, आणि त्यांनी सांगितलेलं एक अक्षर लिहिलं नाही. ते पत्र कुणाकडून तरी वाचून घेऊन तात्या म्हणे पोट धरून हसले. त्यांनी लग्न तर लावलंच, पुढं मला शिकायला हैदराबादलाही तेच घेऊन गेले. पत्र असं होतं:

"तीर्थरूप तात्या यांस शिरसाष्टांग नमस्कार. आमच्या घरात रोग नाही, मी आहे. अंगरख्यावर बिब्बा मी छापला. बापूंना आणि अक्काला ठाऊक नव्हतं. अक्काला स्वयंपाक उत्तम येतो, छापकाम मुळीच येत नाही. नातं मोडायचंच तर फक्त माझ्याशी मोडावं. खोबरं आणि तीळ वाटून लावावेत, खाजवू नये. आपल्या छातीवर कोयरी उलटी उठली असेल, त्याची काळजी नको, छापाची रीतच तशी आहे. हे पत्र डाव्या हातानं लिहिलं आहे. उजव्यात सध्या पेन्सिल मावत नाही. तरी अक्षरास हसू नये."